बत्तीस ताटे

“बँडचे सव्वातीन रुपये?” द्वारकाबाईंनी गव्हातला खडा उचलून अंगणात भिरकावला. “कामून? यानं बँड लावून लगीन केलं का तिकडं?”

“मावशी, महिन्यातून एकदा मेसमध्ये मोठं जेवण असतं. तेव्हा बँड वाजतो. वर्गणी सगळ्यांवर,” वैजनाथ म्हणाला. तो कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. सहा वर्षे द्वारकाबाईंच्या खानावळीत जेवत होता, आणि त्यांच्या बद्रीनाथचे लष्करी अकादमीतून येणारे इंग्रजी बिल वाचून दाखवायचे काम आपोआप त्याच्याकडे आले होते.

“तुझा रेडिओ इथं रोज कोकलतो, त्याचे मी कुणाला लावू? फुडं वाच.”

“मोडतोड, दोन रुपये.”

“काय मोडलं त्यानं?”

“त्यानं नाही. कुणीतरी मोडलं. वाटून घेतात.”

“माझ्याकडं कप फुटला की फोडणाऱ्याचा कान धरते मी. तिथं कुणाला कान न्हाईत व्हय?”

वैजनाथ हसला. द्वारकाबाई हसल्या नाहीत. मागच्या पत्रात बद्रीनाथने लिहिले होते की तो तापाने पाच दिवस दवाखान्यात होता.

“खाडे किती कापले?”

वैजनाथने कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. “खाडे कापलेले नाहीत, मावशी.”

द्वारकाबाईंचा हात सुपावरच थांबला. बँड एक वेळ समजून घेता आला असता. पण खानावळीत जो जेवायला येणार नाही त्याने आदल्या दिवशी सांगायचे आणि बाईंनी तेवढे पैसे महिनाअखेर कापायचे, हा त्यांच्याकडचा पहिला नियम होता. कन्नडहून तीन वर्षांच्या पोराला काखेत घेऊन, कपाळ पुसून त्या शहागंजच्या मागच्या दोन खोल्यांत आल्या, चार ताटांवर खानावळ सुरू केली, तेव्हापासून न खाल्लेल्या जेवणाचा पैसा त्यांनी कुणाकडून घेतला नव्हता.

“पत्र लिही त्यांच्या कर्नलला. म्हणावं, पोरगं पाच दिवस पेज पीत पडलं व्हतं. त्याच्या वाटची कोंबडी कोण खाऊन गेलं?”

“असं नाही लिहिता येत, मावशी.”

“येत न्हाई का लिहीत न्हाईस?”

पोराची निवड झाली तेव्हा सगळ्या आळीने सांगितले होते, आता काळजी मिटली, सरकार खाऊ घालणार. सरकार खाऊ घालत होते, कपडे देत होते, राहायला देत होते. पण हातखर्च, धुलाई, मेसमधले जादा खाणे-दूध, पाहुण्यांच्या मोठ्या जेवणाची वर्गणी, ब्लेझर, असे काहीबाही मिळून दरमहा जे देणे व्हायचे ते घरून यावे लागे. दुष्काळ सरून वर्ष झाले होते तरी ज्वारीचा भाव खाली यायला तयार नव्हता. दोन महिने थकले होते. आई-बापाचे उत्पन्न महिना साडेचारशेच्या आत असेल तर हा खर्चही माफ होणार होता. त्यासाठी तहसिलीचा दाखला हवा होता. “आई, तिसरा महिना थकला तर मला कर्नलसाहेबांचं बोलावणं येईल,” बद्रीनाथने लिहिले होते. “दाखल्याचं तेवढं बघ.”

दाखल्याच्या चौकशीला तहसिलीतला गिरदावर रामकिसन आला तो नेमका दुपारच्या पंगतीला. दारातच उभा राहून त्याने माना मोजल्या.

“बत्तीस. साठ रुपयानं एकोणीसशे वीस. बाई, तुम्ही तर आमच्या तहसीलदार सायबापेक्षा लई कमावता!”

“कमावते? मंग ज्वारी काय तुमचा काका आणून टाकतो? तेल, रॉकेल, डाळ, भांडीवाली, घरभाडं?”

“बरूबर हाय. पर फॉर्मात ज्वारीचा रकाना न्हाई.”

“मंग काढा की!”

“छापील हाय, बाई.”

द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला, त्याला लाकडी पाट दिला आणि ताट वाढले. दुसऱ्या भाकरीला रामकिसन विरघळला. आवाज खाली आणून म्हणाला, “सात ताटं लिहितो. सातात काम बसतंय. पर गुरुवारी दुपारी एकला नायब तहसीलदार सायेब सोता बघायला येनार. त्या टायमाला सातच दिसली पायजेत. येक ज्यादा न्हाई.”

बुधवारी रात्री पंगतीला द्वारकाबाईंनी हे सांगितले तेव्हा त्या कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हत्या. पोरांना मात्र गंमत वाटली. “मावशी, एका वेळचा खाडा, त्यात काय!” “आपला बद्री साहेब होणार म्हटल्यावर आम्ही दोन दिवस उपाशी राहू!” कोण येणार आणि कोण नाही, हे वैजनाथने ठरवून दिले.

गुरुवारी पहाटे द्वारकाबाई पीठ घ्यायला बसल्या आणि हाताने परात नेहमीइतकीच भरली. थोडे पीठ परत डब्यात टाकायला हवे होते. त्या परातीकडे बघत राहिल्या. पोरांच्या परीक्षा चालू होत्या. दुपारी बाहेर जेवायचे म्हणजे हॉटेलात भजी खाऊन पेपरला बसणार. खाडा स्वतःहून सांगितला तर खाडा. हा तर आपण लादलेला. त्यांनी शेजारीपाजारी फिरून डबे गोळा केले, पंचवीस डबे भरले आणि अदलाबदल नको म्हणून प्रत्येकावर नावाची चिठ्ठी खळीने चिकटवून घेतली. पोरे अकराला येऊन डबे नेतील, साहेब एकला येतील. हिशेब सरळ होता.

साहेब साडेदहालाच आले. दुपारी त्यांना चिकलठाण्याला विमानतळावर कुण्या मंत्र्याच्या स्वागताला जायचे होते. ओट्यावर पंचवीस डबे रांगेने उभे होते. साहेबांच्या मागे उभ्या रामकिसनने डोळे मोठे केले, मान हलवली, ओठांवर बोट ठेवले.

“सात जण जेवतात म्हणे तुमच्याकडे?”

द्वारकाबाई एका डब्याचे झाकण दाबत राहिल्या.

“मग हे डबे?”

“सायेब, बाईंच्या मालकाचं श्राद्ध हाय,” रामकिसन घाईने म्हणाला. “वाटायचे हायेत.”

“श्राद्धाच्या डब्यांवर नावं घालतात?” साहेबांनी वाकून एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी.

“श्राद्ध न्हाई,” द्वारकाबाई म्हणाल्या. “माझ्याकडंच जेवतात ही पोरं. तुम्ही येनार म्हणून आज बाहेर ठेवली व्हती.”

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना राग आला होता, पण रागापेक्षा कोडे मोठे होते. “अहो बाई, मग एक वेळ उपाशी ठेवायची ना! एवढं सोंग घेतलं ते तरी धड घ्यायचं!”

“परीक्षा हायेत त्यांच्या.”

साहेबांनी सात खोडून बत्तीस लिहिले आणि दाखल्याचे तिथेच संपले. रामकिसन जाताना पायऱ्यांवर थांबला. “हात टेकले, बाई. तुमच्यापुढं हात टेकले,” एवढेच तो म्हणाला.

द्वारकाबाईंनी दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी वैजनाथला बोलावून सांगितले, “पोरांना सांग. ह्या रविवारपासून रविवारचं सांजचं जेवण बी मिळंल. महिन्याला पाच रुपये वर पडतील.”

वैजनाथ जागचा हलला नाही. सगळ्या खानावळींसारखी हीसुद्धा रविवारी संध्याकाळी बंद असे. आठवड्यातली तेवढी एकच वेळ द्वारकाबाई चुलीपुढे नसत. त्या खडकेश्वराला जात, देवळाच्या पायरीवर पाय लांब करून बसत आणि अंधार पडेपर्यंत कुणाशी बोलत नसत.

“मावशी, मी म्हणतो...”

“तू काय म्हणतो ते मला ठावं हाय. सांग जा.”

थकलेले पैसे त्या महिन्यात गेले. पुढचेही जात राहिले.

दिवाळीनंतर बद्रीनाथ सुट्टीवर आला. रविवार होता. केस बारीक, पाठ सरळ, बुटांत तोंड दिसेल. त्याने पिशवी ठेवली आणि म्हणाला, “चल आई, खडकेश्वरला जाऊ.” मग त्याला परात दिसली. “आज रविवार ना? संध्याकाळी चूल कशी?”

“पोरांना रविवारी भूक लागत न्हाई का? बस. पाट घे.”

तो पोरांच्या रांगेत बसला. सगळ्यांची चौकशी केली, अकादमीतल्या गमती सांगितल्या, बँडची नक्कल केली. पोरे हसून हसून लोळली. जेवताना मात्र त्याचा आवाज होत नव्हता. घास लहान, ओठ मिटलेले. द्वारकाबाई वाढता वाढता बघत होत्या.

जेवण झाल्यावर ज्याने त्याने आपले ताट नळावर नेऊन विसळायचे, हाही खानावळीचा नियम होता. बद्रीनाथने तो पाचव्या वर्षापासून पाळला होता. तो बोलत बोलत उठला, हात धुतले, रुमालाला पुसले आणि मेसमधल्या सवयीने ताट तसेच मागे ठेवून पोरांबरोबर अंगणात गेला.

वैजनाथने त्याला हाक मारायला तोंड उघडले. द्वारकाबाईंनी मान हलवून नको म्हटले.

त्यांनी वाकून ताट उचलले. ताटात काही उरले नव्हते. डावीकडचे मीठसुद्धा त्याने बोटाने टिपून घेतले होते. त्या नळाशी गेल्या, आणि चकाचक ताटावरून हात फिरवत बराच वेळ पाणी सोडून उभ्या राहिल्या.