आज पाठ कुणाची?

संस्थेच्या मोठ्या मॅडमनी फोनवर सांगितलं की महिनाअखेर खोलीला दार बसवा, नाहीतर केंद्र बंद करावं लागेल. मी म्हणाले, बरं. माझ्या तोंडून हे ‘बरं’ ऐकलं की माझी आई हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघते. मी भांडण काढायच्या आधी नेहमी बरं म्हणते, हे तिला माहीत आहे. मोठ्या मॅडमना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, चला, ऐकलं एकदाचं.

फौजेतून परतलेल्या माणसांच्या मनाच्या दुखण्यांसाठी आमची संस्था एक कार्यक्रम चालवते. त्यातला खेड्यांचा भाग माझ्याकडे आहे. म्हणजे माझ्याकडे काही गावं आहेत, एक खोकणारी स्कूटर आहे आणि दूध गोळा करायची एक जुनी खोली आहे. डेअरी बंद पडली तेव्हा काटा गेला, कॅन गेले. राहिल्या त्या अर्ध्या भिंतीपर्यंतच्या पांढऱ्या टाइल्स, मधोमध पाणी जायची मोरी आणि ऊन तापलं की येणारा आंबूस वास. कॅन आतबाहेर करायला ठेवलेला दरवाजा भलताच रुंद. त्याला पूर्वी लोखंडी शटर होतं.

शटरची गोष्ट अशी, की पहिल्याच बैठकीला संस्थेच्या शिपायानं, आतलं बोलणं खाजगी आहे म्हणून, न विचारता ते बाहेरून धाडकन खाली ओढलं. त्या आवाजासरशी तिघं जमिनीवर पालथे झाले आणि मेजर टेबलाखाली गेले. मेजर हे मेजर कधीच नव्हते. फौजेत ते स्वयंपाकी होते. पण मिशा आणि आवाज मेजरचा असल्यामुळे गावानं त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. त्या दिवशी कोणी हसलं नाही. चौघांनी कपडे झटकले आणि एकमेकांकडे न बघता घरी गेले. पुढच्या आठवड्यात खोलीत मी आणि माझी खुर्ची एवढेच होतो.

मी घरोघरी जाऊन विनवण्या केल्या. शेवटी सुतारकाका म्हणाले, येतो, पण आधी ते शटर काढतो. सुतारकाका फौजेत पूल बांधायच्या पलटणीत होते, त्यामुळे एखादी वस्तू काढायची म्हटली की ती ते मुळासकट काढतात. दुपारपर्यंत शटर, त्याची खाचपट्टी, वरचा रूळ, सगळं बाहेर पडलं.

आता दुसरीच पंचाईत झाली. दरवाजा रस्त्यावर. येणारा-जाणारा आत डोकावायचा. पाण्याला चाललेल्या बायका चाल मंद करायच्या. कोणी तोंड उघडायचं नाव घेईना. मग एका बैठकीला मेजरांनी आपली खुर्ची उचलली, थेट दरवाज्यात मधोमध ठेवली आणि आमच्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड करून बसले. वर गुणगुणायला लागले. मेजरांचं गाणं इतकं बेसूर आहे की समोरचं कुत्रं उठून गेलं. रस्त्यावरचं माणूसही तिथं रेंगाळेना. आणि आत सुतारकाका पहिल्यांदा बोलले, मेजरांच्या पाठीकडे बघत.

तेव्हापासून ती रीतच पडली. आल्याबरोबर कोणीतरी विचारायचं, “आज पाठ कुणाची?” ज्याची पाळी असेल तो दारात बसायचा, बाहेर लक्ष ठेवायचा, गुणगुणायचा, आणि आत काय बोलणं झालं हे त्याला कोणी सांगायचं नाही, तोही विचारायचा नाही. फौजेत पाठ दाखवणं म्हणजे तोंड काळं करणं. इथं ती मानाची जागा झाली. मोठ्या मॅडमना एकदा फोनवर हे मागून ऐकू गेलं, तर त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही शिकवणी घेता का तिथं? कसले पाठ देता? मी म्हणाले, रोज नवीन असतो.

हे सगळं ड्रायव्हरदादा रस्त्यापलीकडच्या कठड्यावर बसून बघत असे.

दादाची गाडी फौजेच्या ताफ्यात असताना स्फोटात उलटली होती. दारं जाम झाली. तो समोरची काच फोडून निघाला, शेजारी बसलेला निघाला नाही. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, एवढंच ठाऊक होतं आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. घरी आल्यापासून दादा दार असलेल्या कुठल्याही खोलीत पाऊल टाकत नव्हता. जेवण अंगणात, झोप अंगणात. मागच्या थंडीत छाती भरली, तेव्हा दवाखान्यातही व्हरांड्यातच पडून राहिला. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आणखी एक थंडी यांनी अशी उघड्यावर काढली तर हा माणूस तुमच्या हाती लागणार नाही.

वहिनींनी काय नाही केलं. दार सताड उघडं ठेवलं, दाराला दगड लावला, शेवटी सासऱ्यांकडून दोन्ही फळ्या बिजागरीतून काढून गोठ्यात नेऊन ठेवल्या. दादा उंबऱ्यापर्यंत आला, रिकाम्या चौकटीकडे बघितलं आणि म्हणाला, “कोणी परत लावलं तर?” आणि खाटेवर जाऊन पडला. हे मला सांगताना वहिनी रडल्या नाहीत. त्या चिडल्या होत्या. मला चिडलेली माणसं बरी वाटतात, त्यांच्यात अजून धुगधुगी असते.

कठड्यावरून दादा आमच्या पायरीवर यायला पावसाळा गेला. मी त्याला एकदाही आत ये म्हटलं नाही. चहा बाहेर नेऊन द्यायचे. मग एका सकाळी मी पोचायच्या आत तो दरवाज्यात उभा होता. खाली बघत त्यानं विचारलं, “आज पाठ कुणाची?” मेजर लगेच म्हणाले, “तुझीच की. कधीपासून राहिली आहे.” दादा खुर्चीवर बसला. चौकटीच्या अगदी मधोमध, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्याला गुणगुणता येत नव्हतं, म्हणून तो तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होता. आम्ही सगळे आत हसू दाबत होतो. मला तर रडूही येत होतं, ते मात्र मी दाबलं नाही.

आणि त्याच आठवड्यात मोठ्या मॅडमचा फोन आला, की दार बसवा.

बाई वाईट नाहीत. दुसऱ्या एका केंद्रात एका माणसाचं बोलणं बाहेर फुटलं होतं, गावात त्याची छी-थू झाली होती आणि त्यानं गावच सोडलं. तेव्हापासून प्रत्येक खोलीला बंद होणारं दार हवंच, हा त्यांचा नियम. नियमामागं एक पोळलेलं माणूस आहे, हे मला मान्य होतं. पण माझ्या दारातही एक माणूस बसलं होतं, आणि थंडी तोंडावर आली होती. दार बसवलं तर दादा परत कठड्यावर जाणार होता आणि कठड्यावरून अंगणात. मी फोन ठेवला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मी लपवाछपवी केली नाही. पुढच्या बैठकीत सगळ्यांना हुकूम सांगितला. दादाचा चेहरा दगडासारखा झाला. सुतारकाका उठले, खिशातून टेप काढली आणि दरवाज्याचं माप घ्यायला लागले.

“काका, तुम्हीपण?” मी म्हणाले.

“हुकूम आहे ना दार करायचा,” ते म्हणाले. “मग दार होणार.”

मी त्यांच्यावर इतकी चिडले की जाताना निरोपही घेतला नाही.

पुढच्या बैठकीला खोलीच्या मधोमध दार होतं. चांगल्या लाकडाचं, नीट रंधा मारलेलं, जाडजूड. एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला भक्कम पितळी कडी. आणि खाली चार पाय. सुतारकाकांनी त्यावर चहाचे ग्लास मांडले होते आणि ते कडीला तेल देत होते. हुकुमात खोलीला दार बसवा एवढंच होतं, ते म्हणाले, खोलीत कुठं बसवायचं ते कोणी सांगितलं नाही. मेजर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, माफी राहू द्या, ग्लासाखाली कागद घ्या, पॉलिश नवीन आहे.

मोठ्या मॅडम तपासणीला आल्या त्या दिवशी पाठ मेजरांची होती. आम्हाला त्या कधी येणार याची कल्पना नव्हती. असती तरी काही फरक पडला नसता, कारण त्या सकाळी दादा दारात थांबला नाही. मेजरांच्या खुर्चीला वळसा घालून तो आत आला. पहिल्यांदा. टेबलाशी बसला, मेजरांच्या पाठीकडे तोंड करून. कडी त्याच्या हाताशी आली. तो ती सरकवायचा, मागे घ्यायचा, परत सरकवायचा. उघडी, बंद, उघडी. आडवं पडलेलं दार कोणाला कोंडू शकत नाही, हे बहुधा त्याची बोटं तपासून बघत होती.

मग तो बोलायला लागला. त्याच वेळी बाहेर जीप थांबली.

मोठ्या मॅडम पायरी चढल्या. मेजर उठले नाहीत. मॅडमनी त्यांना आपण कोण ते सांगितलं, हुद्द्यासकट. मेजरांनी गुणगुणणं थांबवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “आत बोलणं चाललंय. थांबा.”

मेजरांच्या खांद्यावरून मॅडमना मी दिसले. त्यांनी मला हातानं खूण केली, या इकडे. माझी नोकरी दर वर्षी त्यांच्या सहीनं पुढं सरकते. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण दादा वाक्याच्या मधोमध होता. मी मॅडमकडे बघितलं, आणि मग मान फिरवून दादाकडे बघितलं. बाहेर मेजरांनी परत सूर लावला, या वेळी जास्तच वरचा.

“तो आतून दारावर हात मारत होता,” दादा म्हणाला. “मी बाहेरून ओढत होतो. दोघंही तेच दार उघडत होतो. आधी त्याचा हात थांबला.” कडी सरकली, मागे आली. “मी कितीतरी वेळ ओढतच राहिलो. कोणी सांगितलं नाही मला की आता सोड.”

मग सुतारकाकांनी आपला हात कडीवर, त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “आता सोड.”

दादानं सोडली. मग तो टेबलावर डोकं ठेवून रडला, लहान मुलासारखा मोठ्यानं, आणि मेजर बाहेर घसा फाटेस्तोवर गात राहिले.

मॅडम तोवर पायरीवर बसून होत्या. त्यांना आत बोलावलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दार कुठं आहे? मी ग्लास उचलून दाखवलं, हे काय. त्यांना ही थट्टा वाटली. त्या म्हणाल्या, उद्या यांचं बोलणं गावभर झालं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त होता, म्हणून मी सरळ उत्तर दिलं.

“तुम्ही पायरीवर बसला होतात, मॅडम. तुम्हाला काय ऐकू आलं?”

“गाणं,” त्या म्हणाल्या. “तेही भयंकर.” पण लगेच सावरून म्हणाल्या की नियम एकासाठी बदलता येत नाही, हे केंद्र बंद करावं लागेल.

“करा,” मी म्हणाले. “पण शटर आम्ही काढलंय. बंद कशानं करणार?”

त्या निघून गेल्या. जाताना मेजरांच्या खुर्चीला वळसा घालताना किंचित थबकल्या, एवढं मी पाहिलं. त्यातून मी काही आशा लावली नाही, आणि ते बरंच केलं. थोड्याच दिवसांत फोन आला. केंद्र गुंडाळलं आहे, यापुढं माणसांनी बस धरून जिल्ह्याला यावं, आणि मीही तिथंच बसावं. मी म्हणाले, बरं. मग स्कूटर काढली आणि नेहमीच्या रस्त्याला लागले. खोली गावाची आहे, टेबल सुतारकाकांचं आहे, आणि माझी सुट्टी माझी आहे. ज्या दिवशी सुट्टी त्या दिवशी बैठक. पगार कापायचा तर कापा. हे मला पहिल्यांदा दादाला सांगायचं होतं, दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत.

दुपार होती, पण वारा अंगाला झोंबत होता. थंडी आली होती. अंगणातली खाट भिंतीला उभी करून ठेवलेली दिसली आणि मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मग वहिनी दिसल्या. घराची चौकट रिकामीच होती, फळ्या अजून गोठ्यात होत्या, आणि त्या रिकाम्या चौकटीत वहिनी शेंगा सोलत बसल्या होत्या. घराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. काहीतरी गुणगुणत होत्या, आणि त्यांचा आवाज चांगलाच बसला होता.

मी अंगण ओलांडून पायरीपाशी गेले आणि तोंड उघडलं. वहिनींनी मान वर केली. मी केंद्राची बाई आहे, मी त्यांच्याबरोबर किती चहा प्यायले आहे, याचा कसलाही मुलाहिजा त्यांच्या नजरेत नव्हता.

“आत झोपलेत,” त्या म्हणाल्या. “थांबा.”

मी थांबले. मग त्या थोड्या सरकल्या, पायरीवर जागा केली, आणि मीही घराकडे पाठ करून त्यांच्या शेजारी बसले. मागून दादाचं घोरणं ऐकू येत होतं. वहिनींनी मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या आणि म्हणाल्या, “आता तुम्ही गुणगुणा जरा. सकाळपासून माझा घसा गेलाय.”