दोन डाग

“डोकं बाजूले कर वो माय, माले काहीच दखावत नही,” शेजारची ताईबाई रत्नाच्या कानाशी कुरकुरली. तिला बघायचं होतं ते रत्नाच्याच सासऱ्याचं उघडं पोट.

चोपड्याजवळच्या त्या गावात जीवरामआबांच्या अंगणात अर्धं गाव दाटलं होतं. सकाळी झुलालबाबांनी तांब्यातल्या मंतरलेल्या पाण्यात पांढरंशुभ्र कापड भिजवून आबांच्या पोटावर बांधलं होतं. ऊन उतरल्यावर सोडलं, तर तपकिरी डागांनी भरलेलं.

“लिव्हरमधला सगळा नासका माल ओढून काढला. आता दुर्बीण नको,” बाबांनी निकाल दिला. जे सोनोग्राफीचं मशीन नुसतं बघतं, ते बाबांचं फडकं काढूनही आणतं म्हटल्यावर हात जोडले गेले.

आबांचा ताप गेला होता, खरंच. फक्त तो गेला जळगावच्या दवाखान्यात, नळी घालून लिव्हरमधला पू काढल्यावर. पण नळीच्या पाया कोण पडणार? तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कधीकधी आतड्यात लपलेली गाठ असते, तिथून जंतू लिव्हरपर्यंत पोचतात. दुर्बिणीनं आतडं बघाच. दुर्बीण कुठून घालतात हे कळलं, आणि आबांना बाबा फार जवळचे वाटू लागले.

रत्नानं कापड उचलून धुण्याच्या दगडावर नेलं, साबण घासला. डाग ढिम्म. केळीवाल्या घरात हा डाग कोणाला ठाऊक नाही? केळीचा चीक! ओला असतो तेव्हा पाण्यासारखा, वाळला की तपकिरी, मग सदरा फाटेपर्यंत सुटत नाही. गावातल्या प्रत्येकाच्या सदऱ्यावर तो होता, आणि तेच सदरे घालून सगळे नवल बघायला आले होते.

तिनं नवऱ्याचा, ललितचा शेतातला सदरा आणून कापडाशेजारी धरला. “बाबा, ह्या सदराले बी लिव्हर शे का?”

ताईबाईच आधी हसली. संशयानं गुण जातो असं पुटपुटत बाबांनी तांब्या उचलला. गर्दी पांगली.

आबा हसले नव्हते. रत्नाही. कारण आबांच्या धोतरावर दुसराही डाग असायचा, थंड पाण्यात सहज निघणारा. घरात सगळ्यांना माहीत होता. वांग्याच्या भरतातली मिरची बाधली, मूळव्याध असेल, असं म्हणून ललितही मान फिरवायचा. सुनेनं सासऱ्याशी बोलावं अशी गोष्टच नव्हती ती.

रत्नानं डोक्यावरचा पदर सावरला, आबांसमोर खाली बसली.

“आबा, तुमना धोतरले रगत लागेल ऱ्हास. मिरचीनं नही ते. कॅन्सर बी ऱ्हाई शकस. उद्या दुर्बीण करू. येळवर समजनं ते उपाय शे.”