जास्तीचा रेझिस्टर

रेझिस्टरचा पाय तीन मिलिमीटरवर वाकवलेला होता. चिमट्याने, बरोबर काटकोनात. तिच्या भिंगाखाली तो एसीच्या बोर्डाच्या पाठीवर एखाद्या दाण्यासारखा दिसत होता. अंगावर तपकिरी, काळा, नारिंगी पट्टे... आणि खरं म्हणजे तिथे काहीच असायला नको होतं. खोलीचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या दोन पिना, बस्स.

एसी थांबतच नाही, अशी तक्रार होती. कपडे शिवून देणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "अहो, स्वेटर घालून मशीन चालवतेय मी, आणि हा आपला चालूच!" आता कारण समोर होतं. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. पण हा रेझिस्टर त्याच्या सुरात सूर मिसळत होता, आणि दोघांचं मिळून बोर्डाला एवढंच ऐकू येत होतं, की खोली चाळिशीला टेकलीय, थांबू नकोस.

"सापडलं का काही, मोजपट्टी?" पलीकडच्या टेबलावरून वडिलांनी विचारलं. तिने भौतिकशास्त्राची पदवी घेतली तेव्हापासून ते तिला याच नावाने हाक मारत.

"बघतेय."

"गेल्या महिन्यात मीच केलेला तो. रिले बदललेला."

हो, रिलेवरचे सोल्डरचे डाग त्यांचेच होते, गोल, थेंबासारखे, जरा सढळ हाताने दिलेले. पण हा पाय... ते पाय कधी वाकवत नाहीत. 'त्याला काय शाळेत बसवायचंय?' म्हणतात. हा काटकोन माझा आहे. दुसऱ्या कुणाचा असणार?

आठ महिन्यांपूर्वी त्यांनी एक कपॅसिटर उलटा लावला होता आणि तो टेबलावरच फुटला होता. "सलामी दिली त्याने!" म्हणून ते हसले होते; पण उजवा हात टेबलाखाली गेला तो बराच वेळ वर आलाच नाही. तेव्हापासून चार वाजता ते खाली चहाला गेले, की ती त्यांनी दुरुस्त केलेला बोर्ड उघडून पुन्हा तपासायची. सांगायचं रोज ठरायचं... आज नको, त्यांचा गुडघा दुखतोय. आज नको, आज स्वारी खुशीत आहे. गेल्या महिन्यात या बोर्डाच्या वेळीही तिने सेन्सर काढून, बोर्डाला ठरावीक तापमान दाखवायला हा रेझिस्टर डकवला होता. मग जिन्यात त्यांचा खोकला ऐकू आला. तिने झटकन सेन्सर परत जोडला, झाकण लावलं आणि आपल्या जागेवर येऊन बसली — चोरासारखी. ते कुठे विसरले? विसरले मी. घाईत, लपवता लपवता.

वडील उठून आले. भिंग आपल्याकडे ओढून बराच वेळ पाहत राहिले.

"टेस्टिंगचा रेझिस्टर. काढायचा राहिला." ते स्टुलावर बसले. "माझंच काम हे. डोक्याची चाळणी झालीय नुसती."



"हे बघ," चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "सोल्डरिंग आता तूच सांभाळ. मी आपला फोन घेत जाईन. गप्पा मारायला मला कुठे मोजपट्टी लागते!" आणि ते आपल्या टेबलाशी जाऊन सोल्डरिंग गनची वायर गुंडाळू लागले, सावकाश, एकेक वेढा नीट बसवत.

हेच तर हवं होतं. आठ महिने जे वाक्य तिच्या तोंडात नुसतं घोळत होतं ते त्यांनीच बोलून टाकलं होतं, तिला एका शब्दाचाही त्रास न देता. आता फक्त गप्प बसायचं. आणि ते खोटंही नव्हतं सगळं, तो हात, तो कपॅसिटर... पण हे त्यांचं नव्हतं. न केलेल्या चुकीपायी माणूस टेबल सोडत होता. की त्यांना कळलं होतं? कुणाचा डाग कुणाचा हे लांबून ओळखणारा माणूस, त्यांना तो काटकोन दिसला नसेल? तिने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. पाठ काही सांगेना.

तिने आपली गन घेतली, रेझिस्टर सोडवून तळहातावर ठेवला. अजून गरम होता.

"बाबा, वायर गुंडाळू नका," ती म्हणाली. "तुम्ही चहाला गेलात की तुमचे बोर्ड मी परत उघडते. आठ महिने झाले. बावीस उघडले. तीन चुकले होते तुमचे. आणि हा माझा."