आधी वेल

‘आधी वेल जपा गं बायांनो, फूल येईल सवडीनं…’ माहेरच्या गल्लीतली दाईखाला बाळंतिणीच्या उशाशी बसून गुणगुणायची. तो आवाज आज सकाळपासून तिच्या कानात घुमत होता. त्या नादात तिने शर्टाच्या उलट्या पट्टीवर काजं पाडली. कपड्यांच्या कारखान्यात तिचा हात असा कधी चुकला नव्हता.

तिसरा महिना चालू होता. हृदयाची झडप अरुंद आहे, बाळंतपण जिवावर बेतेल, लवकर ठरवा, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

संध्याकाळी नवरा मशिदीतून आला तो मान खाली घालूनच. वायरमन गडी, एरवी बडबड्या.

“मौलाना म्हणाले, गर्भ पाडणं गुनाह आहे.”

“तू विचारलंस काय?” सासूबाईंनी भाजीची विळी बाजूला सारली.

“एका घरी दिवस गेलेत, नकोयत, तर चालेल का…”

“एका घरी? आणि तिचा आजार?”

“लाज वाटली, अम्मी.”

“वा रे शहाण्या! गिऱ्हाईक तुला सांगतं का, ‘एका घरी अंधार आहे’ म्हणून? घर दाखवल्याशिवाय तू तरी दिवा लावशील?” त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली. “चला दोघं.”

मौलानांनी चष्मा पुसून डॉक्टरांचा कागद सावकाश वाचला.

“आमच्या आलिमांत, धर्मपंडितांत, यावर एकमत नाही,” ते म्हणाले. “काही म्हणतात, गर्भ राहिला की हात लावू नये. काही म्हणतात, चार महिन्यांनी गर्भात रूह, म्हणजे आत्मा, फुंकली जाते, त्याआधी सबळ कारण असेल तर मुभा आहे. मी पहिल्यांतला, कडक. पण आईच्या जिवावर बेतलं, तर आई आधी. मूळच गेलं तर फांदी कशावर धरणार? मघाशी मला अर्धीच गोष्ट कळली होती.”

नवऱ्याने डोळे टिपले. मौलाना तिच्याकडे वळले.

“बेटी, तुझं काय म्हणणं?”

हे तिला अजून कुणीच विचारलं नव्हतं. तिनेही ओठ शिवून घेतले होते. बोलले तर लोक म्हणतील, कसली ही आई!

सासूबाईंचा खरबरीत हात तिच्या पाठीवर आला. तिने दीर्घ श्वास घेतला.

“बाळासाठी मी जन्मभर रडेन,” ती म्हणाली, “पण मला जगायचंय.”