साडेचारची गाडी

बेलखार गाव आणि त्याची मिठागरे यांच्यामधून बंदराकडे जाणारी मालगाडीची लाईन टाकली गेली, तेव्हा गावाला एक फाटक मिळाले होते. पुढे ट्रेलरांसाठी पूल झाला आणि फाटक कायमचे बंद पडले. पुलाचा वळसा दीड किलोमीटरचा. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन तेवढे कोण चालणार? बायका रुळांवरूनच ये-जा करू लागल्या. आणि मालगाडीला लोकांसाठी छापलेले वेळापत्रक नसल्यामुळे निघण्याआधी कमळला विचारायचे, असा परिपाठ पडला.

कमळ रेल्वेत कीमन होती. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागली होती. रोज सहा किलोमीटर रूळ पायाखाली घालायचे, रूळ जागेवर धरणाऱ्या सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकून बसवायच्या, सांध्यांवर नजर ठेवायची, हे तिचे काम. पुढच्या फाटकावरचा सदा तिला फोनवर गाडीची खबर देई आणि ती बायकांना देई.

"कमळे, गारी कवा हाय गो?"

"अकराला. त्याच्या आत पलीकडं व्हा, आणि वाटेत गप्पा छाटू नका."

हे नियमात बसत नव्हते. बायकांना रुळावर पाऊलच टाकू देऊ नये, हेही तिला कळत होते. पण सात वर्षांत तिच्या तुकड्यावर एकही माणूस दगावला नव्हता, आणि त्याचे श्रेय ती मनातल्या मनात स्वतःच्या शब्दाला देत असे.

त्या शब्दाचा असाही उपयोग होऊ शकतो, हे तिला केसरच्या मोबाइलवर दिसले. केसर मिठागरावरची तिची मैत्रीण. "तुझा पुतन्या बघ, हीरो झालाय," म्हणत तिने व्हिडिओ लावला. हितेश रुळांच्या मधोमध, इंजिनाकडे पाठ करून, हात पसरून उभा होता. मागे इंजिन मोठे मोठे होत होते, भोंगा फाटल्यासारखा वाजत होता. शेवटच्या क्षणी त्याने खाली उडी टाकली. व्हिडिओखाली बघणाऱ्यांचा आकडा होता, नऊ लाखांचा. कमळने आकडा पाहिला नाही. मागचे खारफुटीचे झाड आणि किलोमीटरचा दगड तिने ओळखला. गेल्या मंगळवारी चहा पिताना हितेशने सहज विचारले होते, "काकी, आज गाडी कधी?" आणि तिने तितक्याच सहज सांगितले होते, "सव्वापाचला."

हितेश तिच्या दिराचा मुलगा. आईबाप लवकर गेल्यामुळे तो तिच्याच हाताखाली वाढलेला. चोवीस वर्षांचा झाला होता आणि ट्रेलर चालवत होता. त्या संध्याकाळी तिने त्याच्यापुढे ताट ठेवले, पण वाढले नाही.

"इंजिनातला माणूस बघितलास? त्याचं काय होत असेल?"

"काकी, मी टायमिंगवर उडी मारतो. परफेक्ट. टेन्शन नको घेऊ."

"पाय अडकला असता खडीत तर?"

"न्हाय ना अडकला!" तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "बंदराच्या गेटवर चौदा-चौदा तास लायनीत बसतो मी. कोण विचारतं? परवा गेटवरचा साहेब म्हणाला, तू तोच ना? पहिल्यांदा कोणीतरी नाव विचारलं माझं."

तिने भात वाढला.

"एकच शेवटचा करतो," जेवता जेवता तो म्हणाला. "डोळे बांधून. माझा दोस्त रितेश शूट करणार आहे. बुधवारी गाडी कधी हाय?"

ती ओरडली असती. पण मग त्याने सदाला गाठले असते, नाहीतर दिवसभर रुळाशेजारी दबा धरून बसला असता. पोलिसांत कळवावे, तर गुन्हा नोंदला जाऊन ट्रेलरची नोकरी जायची. विचार करता करता तिला एक सोपी वाट दिसली. बुधवारची गाडी साडेतीनला होती. त्यानंतर थेट रात्रीची.

"साडेचारला," ती म्हणाली.

दोघे येतील, वाट बघून कंटाळतील, अंधार पडल्यावर घरी येतील. सात वर्षांत तिने सांगितलेली ही पहिली खोटी वेळ. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

बुधवारी सव्वातीनच्या सुमारास ती रुळाखालच्या मोरीजवळ एक चावी ठोकत होती. खारे वारे गावाकडून वाहत होते. रुळांच्या कडेने म्हातारी नीराबाई टोपली घेऊन निवांत येताना दिसली.

"आजी, लवकर उतरा खाली. गाडी आहे."

"काय येड लागलं का तुला? साडेचारला हाय ना?" नीराबाई थांबली. "तुझा हितेशच म्हनाला. तिकडं बसलाय रुलावर, डोल्यांना फडका, कानात ती यंत्रं. एकटाच. म्हनतो, ताठ बसायचा सराव करतोय. मी म्हटलं ऊठ मेल्या, तर म्हनाला, काकीनं साडेचार सांगितलंय. मग म्हटलं, कमळीचा शबूद हाय, चला. केसर न् बाकीच्या येतायत मागनं, रुलावरनंच."

कमळच्या हातातला हातोडा खडीत पडला. मिठागरावर जाणारा माणूस वेळेच्या आत रूळ ओलांडतो आणि निघून जातो. वेळ म्हणजे तिच्या हिशेबी तेवढीच. व्हिडिओ करणारा तासभर आधी येऊन बसतो, हे तिच्या डोक्यातच आले नव्हते. आणि एकाच्या कानात घातलेले खोटे त्याच्याच कानात राहील, असे तिने कशाच्या जोरावर धरले होते?

तिने हितेशला फोन लावला. बंद. शूटिंगमध्ये व्यत्यय नको म्हणून तो फोन बंदच ठेवत असे. तेवढ्यात सदाचा फोन आला. "कमळताई, सोडली गं. माझ्या फाटकावरून गेली आत्ता."

हितेश मागे जवळजवळ एक किलोमीटरवर होता. गाडी समोरून येणार होती. तिचे सगळे अंग मागे वळले. धावावे, त्याला मानगुटीला धरून ओढावे. पण ती पोचण्याआधी गाडी पोचली असती, हे तिला पक्के ठाऊक होते. भरलेली मालगाडी थांबायला जागा लागते, आणि ती जागा फक्त पुढे जाऊन मिळवता येते. "आजी, उतरा!" असे ओरडून कमळ गाडीच्या दिशेने, पुतण्याकडे पाठ करून धावत सुटली.

धावता धावता पिशवीतले, चाकाखाली फुटून चालकाला धोक्याचा इशारा देणारे फटाके काढून तिने रुळावर बसवले, लाल झेंडा उलगडला आणि दोन रुळांच्या मध्ये उभी राहिली. वळणावर इंजिन दिसले. भोंगा वाजला. ती हलली नाही. फटाके फुटले, तशी ती बाजूला झाली; पण झेंडा खाली घेतला नाही. ब्रेकचा कर्कश आवाज डब्यामागून डब्यातून पुढे सरकत गेला. गाडी तिला ओलांडून, मोरी ओलांडून, आणखी बरीच पुढे जाऊन थांबली.

ती इंजिनापर्यंत पोचली, तेव्हा चालक खाली उतरला होता. पन्नाशीचा माणूस.

"काय झालंय? रूळ तुटलाय?"

पलीकडे अडीचशे पावलांवर केसर आणि चौघी जणी टोपल्या टाकून उतारावर उभ्या होत्या. त्यांच्यामागून हितेश येत होता, डोळ्यांचा फडका गळ्यात लोंबत होता. त्याने गाडीकडे पाहिले, मग काकीकडे.

"तू तर साडेचार म्हणाली होतीस," तो म्हणाला. आवाज लहान मुलाचा होता.

सदाचा फोन पुन्हा आला. उतारावरच्या बायकांपैकी कोणीतरी त्याला फोनवर सगळे सांगितले असावे. "ताई, ऐक. सांधा संशयास्पद वाटला म्हण. कोणी विचारणार नाही. तुझी नोकरी राहील, पोराचंही निभावेल."

चालक उत्तराची वाट पाहत होता. वायरलेस तोंडाशी धरलेला होता. कमळला वाटले, हेही सोपेच आहे. परवाच्या खोट्या वेळेइतकेच सोपे. उद्या या सांध्यावर माणसे येतील, चांगला सांधा उकलून बघतील, आणि पुढच्या वेळी कीमनने खरोखर लाल झेंडा दाखवला की कोणीतरी क्षणभर विचार करेल.

"रूळ चांगला आहे," ती म्हणाली. "रुळावर माणसं होती. हा माझा पुतण्या, हितेश. व्हिडिओसाठी बसला होता. गाडीची वेळ त्यानं मला विचारली, मी खोटी सांगितली. आणि गावाला रोज वेळ मीच सांगते. सगळं लिहा."

"काकी!" हितेश म्हणाला.

"उभा राहा इथंच. पोलीस येतील, त्यांच्याबरोबर जायचं. मी येते तुझ्यासोबत."

चालकाने हितेशला विचारले, "गेल्या आठवड्यात मंगळवारी तूच होतास ना?" हितेशने मान हलवली. "त्या गाडीवर मीच होतो. चार दिवस घरी जेवलो नाही," एवढेच बोलून तो वायरलेसवर बोलू लागला. हितेश खडीवर बसला आणि त्याने गळ्यातला फडका सोडला.

तासाभराने गाडी हलली. शेवटचा डबा गेल्यावर बायकांनी टोपल्या उचलल्या. रुळाच्या कडेला येऊन त्या थांबल्या. कमळ तिथेच होती, पण तिला कोणी काही विचारले नाही. केसरने आधी बंदराच्या बाजूला पाहिले, मग सदाच्या फाटकाच्या. नीराबाईने डोळ्यांवर हात धरून पुन्हा एकदा पाहिले. मग त्या एकामागून एक पलीकडे गेल्या.