विकणे आहे: नवऱ्याचा फोन

माझा नवरा काहीही हरवत नाही. म्हणजे वस्तू त्याच्या हातून जातात, सर्रास जातात, पण त्या हरवत नाहीत. त्या 'ट्रेस होत नाहीत'. श्रीराम हवाई दलात भांडार सांभाळतो. विमानाच्या चाकापासून चहाच्या किटलीपर्यंत सगळ्याचा हिशेब त्याच्याकडे, आणि तिथे साधा नट गेला तरी चौकशी बसते. त्यामुळे 'हरवलं' हा शब्द त्याच्या तोंडातून निघतच नाही. हिसारला गाडीची किल्ली ट्रेस झाली नाही. जोधपूरला माझी मोत्याची कुडी, फिरकी बसवून आणतो म्हणून नेलेली, ती तर अजून ट्रेस होतेय. लग्नाला वीस वर्षं झाली. एकदा, फक्त एकदा या माणसाने माझ्यासमोर उभं राहून 'मंजू, हरवलं गं माझ्याकडून' असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. हिरे नव्हते मागत मी.

म्हणून त्या दिवशी चंदीगडजवळच्या झिरकपूरला मिठाईच्या दुकानाबाहेर त्याने फोन गाडीच्या टपावर ठेवला आणि तसाच जाऊन स्टिअरिंगवर बसला, तेव्हा मी ओरडले नाही. फोन गुपचूप उचलला, बंद केला आणि पर्समध्ये टाकला. साधासुधा फोन नव्हता हं तो. शाळेत पोरांना गणित शिकवून मिळालेल्या माझ्या पगारातून, लग्नाच्या विसाव्या वाढदिवसासाठी घेतलेला. निळा. दुकानदारांची डोकी खाऊन निवडलेला. आता बोलेल, मला वाटलं. आता कुठे जाईल!

घरी आल्यावर त्याने खिसे चाचपले. सोफ्याच्या उशा उचलून पाहिल्या. दोनदा गाडीत डोकं घालून आला. मी कणीक मळत होते आणि माझा चेहरा इतका निष्पाप होता की मलाच माझं कौतुक वाटलं.

"काय रे, काही शोधतोयस?"

"छे, कुठे काय!"

मग 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून गेला तो बऱ्याच उशिरा उगवला. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर काय, त्याच्या हातात फोन! निळा! मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि पुरणयंत्राच्या खोक्यात हात घातला. मी तिथेच लपवला होता, कारण होळीपर्यंत त्या खोक्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तिथेही फोन होता. तसाच निळा. मी फरशीवर बसकण मारली आणि तोंडात ओढणी कोंबून पोट दुखेपर्यंत हसले.

पण दिवस गेले, महिने गेले, हा गप्प. मी त्याला संधी देत होते, अगदी ताटात वाढून देत होते. एकदा म्हटलं, "काय रे, तुझ्या फोनच्या कोपऱ्यावर चरा होता ना? गेला वाटतं?"

"हो, काढला पुसून," म्हणाला. चरा! पुसून!

गणपती झाले, दिवाळी झाली. माझं हसू ओसरलं आणि आत कुठेतरी दुखायला लागलं. मी काय खाणार होते का त्याला?

मग जोरहाटला बदली झाल्याची ऑर्डर आली. बदली आली की आमच्या वसाहतीत घराघरातून फ्रिज, सायकली, कुंड्या ऑनलाइन विकायला निघतात. श्रीराम रोज जेवण झालं की त्या साइटवर आमच्या फ्रिजला काय भाव येतोय ते बघत बसायचा. ते बघता बघता माझ्या डोक्यात किडा वळवळला. तिथे त्याला स्वतःचाच फोन दिसला तर? धावत येईल की माझ्याकडे, 'अगं मंजू, हा बघ माझा हरवलेला फोन!' झालं माझं काम.

आमच्या वल्लरीला कटात घेतलं. पोरगी चंदीगडच्या कॉलेजात जाते, मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र हिंदीत. तिने 'सिमरन' नावाचं खातं उघडून दिलं. फोटो मी काढला. माहेरच्या सोलापुरी चादरीवर फोन ठेवला, निळा रंग असा काही उठून दिसला!

"मम्मा, ये चादर क्यों? प्लेन टेबल पे रखो ना."

"गप गं. तुला काय कळतंय रंगातलं."

दुसऱ्याच दिवशी 'सनी' नावाच्या कोणाचा तरी मेसेज आला. फोनचा आयएमईआय नंबर पाठवा. वल्लरीने काढून पाठवला. थोड्या वेळाने उत्तर: मॅडम जी, ये फोन तो ब्लॉक है. चोरी का है.

मला कळेना. मग लेकीने आईची शिकवणी घेतली. प्रत्येक फोनला स्वतःचा नंबर असतो. फोन गेल्याची तक्रार केली की तो नंबर देशभर बंद होतो, मग त्यात कुठलंही सिम घाला, फोन मुका. आणि नंबर बंद आहे का, हे कोणालाही घरबसल्या तपासता येतं.

"तक्रार कुठे करायची असते?"

"पहले पुलिस में. मम्मा, पापा ने कंप्लेंट की होगी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरीचा माल विकताना पकडले गेले होते, त्याचं मला काहीच वाटलं नाही. पण पोलिसांना सांगितलं! कुठल्याशा अनोळखी हवालदारासमोर बसून, 'माझा फोन हरवला' असं लिहून, खाली सही ठोकून आला, आणि मला नाही? सवत असती तरी इतकं झोंबलं नसतं.

तेवढ्यात सनीचा पुढचा मेसेज: कल शाम, सेक्टर १७, फव्वारे के पास. अकेले आना. नहीं तो पुलिस.

आता मात्र पंचाईत झाली. विंग कमांडरची बायको, गणिताची बाई, चोरीचे मोबाइल विकते! बदली होऊन गेलो तरी वसाहतीत वर्षभर चघळलं असतं. जाणं भाग होतं.

थंडी कडाक्याची होती आणि ते बरंच होतं. इथल्या बायका स्कूटरवर निघाल्या की ओढणीने असं तोंड बांधतात की सख्खी आई ओळखणार नाही. मी तशीच बांधली, वर गॉगल चढवला आणि स्कूटर काढली. कारंज्यापाशी कोण कोण फोटो काढत होतं. मी फोन छातीशी धरून उभी. समोरून हेल्मेट घातलेला एक माणूस आला. काच काळी, अंगात कोणाचं तरी उसनं आणलेलं जॅकेट.

जॅकेट उसनं मिळतं हो, चाल कुठून उसनी आणणार? उजवा पाय बाहेर टाकत, गहाळ झालेला नट शोधत असल्यासारखी खाली मान घालून चालणारा माणूस अख्ख्या हवाई दलात एकच आहे. सनी म्हणजे माझा नवरा होता! मला हसण्याच्या इतक्या उकळ्या फुटल्या की ओढणी दातांत धरावी लागली. म्हणजे याने जाहिरात पाहिली, आणि माझ्याकडे यायचं सोडून एकटाच चोर पकडायला निघाला. बरंय म्हटलं, पकड.

"आप सिमरन जी?" आवाज मुद्दाम जाड काढलेला.

"हांजी," मी नाकातून.

"ये फोन आया कहाँ से?"

"मेरे हसबैंड का है जी. बहुत लापरवाह आदमी है. जहाँ जाता है, चीज़ें छोड़ आता है."

हेल्मेट जरा हललं. "हो सकता है, दिल का अच्छा हो."

"अच्छा है. पर झूठा है."

 मग हेल्मेट बोललं, तेव्हा जाड आवाज गळून पडला होता.

"मैडम, ये फोन मेरा है. मेरी वाइफ ने दिया था, अपनी तनख्वाह से. कितनी दुकानें घूमी थी बेचारी. और मुझसे गुम हो गया. वैसा ही दूसरा ले आया. उसके सामने बोल नहीं पाया."

 नाकातला आवाज कसाबसा सांभाळला. "क्यों नहीं बोल पाए? डाँटती है?"

"डाँट ले, उसकी आदत है. पर उसका मुँह उतर जाता ना. वो मुझसे देखा नहीं जाता."

गॉगलच्या आत सगळं धुरकट झालं. आणि संतापही आला, कारण एवढं गोड बोलला तो कोणाशी, तर एका चोरटीशी! मी जवळजवळ ओरडलेच, "तो मुझे क्यों बता रहे हो? जाके बीवी को बताओ ना!"

"बता तो रहा हूँ," हेल्मेट म्हणालं.

मग त्याने काच वर केली. आत श्रीराम, लालबुंद झालेला, डोळे पाणावलेले.

"हरवला होता, मंजू. माझ्याकडून."

 वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य आलं, आणि माझ्या तोंडातून निघालं, "कधी ओळखलंस?"

"अगं, चंदीगडमध्ये चोरीचा फोन सोलापुरी चादरीवर कोण ठेवेल? तीही इस्त्रीने कोपरा भाजलेली. तो मीच भाजलाय."

"मग घरीच बोलायचंस ना! हे सोंग कशाला?"

"तू समोर असलीस की नाही जमत. सिमरनला सांगणं सोपं गेलं." मग म्हणाला, "आता पोलिसांकडे जाऊन सांगावं लागेल, फोन सापडला म्हणून. कुठे सापडला, विचारतील."

"पुरणयंत्रात."

"कशात?" आणि मग त्याच्या सगळं लक्षात आलं. झिरकपूर, गाडीचा टप, माझी कणीक, सगळं. तो कारंज्याच्या कठड्यावर बसला आणि हेल्मेटसकट हसायला लागला. मीही बसले. शेजारचे फोटोवाले आमच्याकडे बघायला लागले तरी आम्ही थांबेना.

ओढणी सोडून, डोळे पुसून मी म्हटलं, "श्रीराम, आता बोलतोच आहेस तर सांग. माझी कुडी?"

"ती ना, ती अजून ट्रेस..." तो अडखळला. हेल्मेट काढून त्याने मांडीवर ठेवलं. "हरवली गं. सोनाराकडे पोचायच्या आधीच, रस्त्यातच कुठेतरी."

मला इतका आनंद झाला की कुडी सापडली असती तरी तेवढा झाला नसता.