मोटर चालू ठेवा

बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर काम करायचं, तर यंत्रं उतरवायच्या आधी लोकांना तोंड द्यावं लागतं. कुणाला वाटतं पंप परत सुरू होणार, कुणाला वाटतं इथे मोठं दुकान येणार. मी सांगते की जमिनीखाली जुन्या टाक्या आहेत, त्यांतून पेट्रोल मातीत आणि पाण्यात झिरपलंय का ते बघायला आलेय. मग सगळे माझ्याकडे असं बघतात, जसं काही मीच ते ओतलंय. इतकी वर्षं हेच चाललंय. माझे गुडघे गेले, आणि कामाची हौस तर त्याच्याही आधी गेली.

या पंपाची तक्रार वरच्या अंगाला राहणाऱ्या लाँड्रीवाल्या काकांची होती. हॉटेलांच्या चादरी धुवायचा त्यांचा धंदा, विहीर घरची. चादरींना पेट्रोलचा वास यायला लागला आणि एकेक गिऱ्हाईक सुटत गेलं. काकांनी अर्जावर अर्ज केले. आमच्या कार्यालयातल्या शहाण्यांनी त्यांना कळवलं की रस्ता पंपापासून खाली उतरतो आणि पेट्रोल काही चढण चढत नाही. खालच्या गल्लीने तर अर्जावर सही द्यायलाही नकार दिला, कारण त्यांच्या विहिरी स्वच्छ होत्या. तिथल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी काकांचं नाव 'पेट्रोलकाका' पाडलं आणि ते गल्लीभर झालं. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांची करमणूक होते.

मी आले तोवर काकांच्या अंगात भांडायचं बळ उरलं नव्हतं. गावोगाव बदल्या होऊन आता एका जागी स्थिरावलेली त्यांची मुलगी त्यांच्यासाठी खोली तयार ठेवून रोज फोन करत होती. एक मशीन सोडून बाकीची विकून झाली होती आणि शनिवारी सामान न्यायला टेम्पो येणार होता. पाणी खराब आहे असं मी एकदा लिहून दिलं, की मोटर काढायची, विहिरीवर झाकण ठोकायचं आणि सुटायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. मला ती फार रास्त वाटली. उरलेली दोन गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून ते तोवर एकेक चादर वास जाईपर्यंत खळखळून काढत होते, त्यामुळे मोटर सकाळपासून दिवे लागेपर्यंत घरघरत असायची.

आम्ही पंपाच्या चहूबाजूंनी खोल भोकं पाडली, त्यांत पाइप उतरवले, माती आणि पाणी बाटल्यांत भरलं. खालच्या बाजूचं पाणी निर्मळ निघालं. वरच्या बाजूची, लाँड्रीकडची माती काळपट, चिकट आणि डोकं उठवणाऱ्या वासाची होती. मी बोअरवाल्यावर उखडले, की बाटल्यांची अदलाबदल केलीस. त्या बिचाऱ्याने नमुने पुन्हा काढून दिले. तेही तसेच.

मग मी प्रत्येक पाइपात फीत सोडून पाण्याची पातळी मोजली. जमिनीखालचं पाणी उताराने गल्लीकडे जायचं सोडून उलट लाँड्रीकडे निघालं होतं. रविवारी लाँड्रीला सुट्टी असते. सोमवारी काका मोटर लावायच्या आधी मोजलं, तर पाणी पुन्हा गल्लीच्या दिशेने झुकलेलं. दुपारी मोजलं तर परत लाँड्रीकडे.

मी पंपाच्या मोडक्या कट्ट्यावर बसून राहिले. काकांची मोटरच सगळी घाण स्वतःकडे ओढून घेत होती. वास जावा म्हणून ते जितकं जास्त पाणी उपसत, तितका वास वाढत होता आणि तितकी खालची गल्ली वाचत होती. पंपाचा मालक केव्हाच हात वर करून निघून गेला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि ती आता मला माझ्या तोंडाने सुनावायची होती.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. हातातली ओली चादर त्यांनी पिळून बाजूला ठेवली.

"आणि मी मोटर काढून गेलो तर?"

"वर्ष-दीड वर्षात गल्लीतल्या विहिरी जातील. पहिली मास्तरीणबाईंची."

काका हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. मग ते हसू आपोआप विरून गेलं.

गाळणी बसवून देते, उपसलेलं पाणी गाळून सोडायची सोय करते, वीजबिलाचंही बघते, असं मी भराभर बोलत सुटले. ते म्हणाले, "किती दिवस, ते सांगा. खरं सांगा."

टाक्या निघून माती साफ होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, कदाचित तीन. आमच्या कार्यालयाचा वेग मला ठाऊक आहे, म्हणून मी तीनच म्हटलं.

"हात दाखवून अवलक्षण," काका म्हणाले. "तुम्हाला बोलावलंच नसतं, तर शनिवारी गेलो असतो."

त्यांनी माझ्यासमोरच मुलीला फोन लावला. शनिवारचं जमत नाही गं, म्हणाले. तब्येत बरी आहे, इथे एक काम निघालंय. पलीकडून मुलीचा चढलेला आवाज मला ऐकू येत होता, आणि मग ती रडायला लागलेलीही. का ते त्यांनी तिला सांगितलं नाही. फोन ठेवून ते उठले आणि त्यांनी मोटरचं बटण दाबलं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण लाज वाटली. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

खालच्या गल्लीतले पाइप बंद करायचे राहिले होते. मास्तरीणबाईंनी मला दारात थांबवून थंड पाण्याचा ग्लास हातात दिला. दमलेल्या माणसाला पाणी विचारणारी बाई होती, वाईट नव्हती.

"घ्या, आमच्या विहिरीचं आहे. गोड आहे की नाही?" त्या म्हणाल्या. वरून मोटरची घरघर ऐकू आली तशी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "लागला पेट्रोलकाकांचा भोंगा. शनिवारी जाणार म्हणे एकदाचे."

पाणी खरंच गोड होतं. मी ते सगळं प्यायले.

"ते गेले," मी ग्लास परत देत म्हटलं, "की त्या दिवसापासून हे पाणी प्यायचं सोडा."

त्यांना काही कळलं नाही. मी पायरीवर बसले, गुडघा चोळला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.